फळीवरचा इतिहास

सातवीच्या वर्गात रेल्वेचा विषय निघाला की मी फळ्यावर तारीख लिहितो: १६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, तीन इंजिने. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. एकदा मात्र एका मुलाने विचारले, "सर, अपनी शकुंतला किताब में क्यों नहीं है?"

शकुंतला म्हणजे अचलपूर-मूर्तिजापूर मार्गावरची आमची नॅरोगेज गाडी. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत या रुळांवर धावत होते. नंतर डिझेल आले आणि पुढे गाडीच थांबली. या मुलाने ती फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलेली. त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचेना. ते शोधताना मी घरात छोटी रेल्वे उभारणाऱ्यांच्या इतिहासापर्यंत पोहोचलो.

त्याची सुरुवात खेळण्यापासून होते. जर्मनीतील गोपिंगेनच्या मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत चावीची गाडी मांडली. त्याआधीही खेळण्यातल्या गाड्या होत्याच. मार्कलिनने रुळांची रुंदी ठरवून दिली, हे नवे होते. आज इंजिन घ्यावे, पुढच्या वर्षी दोन डबे, नंतर एक सांधा, आणि सारे एकमेकांना जुळावे, अशी ही सोय होती. पण ही गाडी जमिनीवर गोल फिरायची. जेवणाची वेळ झाली की रूळ उचलून खोक्यात ठेवायचे.

लहान घरांसाठी गाडीही लहान व्हायला हवी होती. १९२२ च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याने मेजावर मावणारी रेल्वे काढली. रुळांमधले अंतर होते १६.५ मिलिमीटर. याच घराण्यातील स्टेफान बिंग यांच्या ट्रिक्स कंपनीने १९३५ मध्ये विजेवर चालणारी ट्रिक्स एक्सप्रेस बाजारात आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच न्यूरेंबर्ग शहरात नाझींनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे जाहीर केले. बिंग ज्यू होते. त्यांना देश सोडून इंग्लंड गाठावे लागले. ज्या शहराचे नाव त्यांच्या खेळण्यांमुळे घराघरांत गेले, त्या शहरात त्यांना स्वतःचे घर उरले नाही. मुलांच्या खेळण्याचा इतिहासही एवढा निरागस नसतो.

खेळण्याला गावाचे रूप दिले ते लंडनच्या जॉन एहर्न यांनी. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या घरात 'मॅडर व्हॅली' नावाची काल्पनिक रेल्वे बांधायला घेतली. तोवर बहुतेकांचे लक्ष इंजिनावर असे. एहर्न यांनी रुळांभोवती घरे, दुकाने, बंदर, झाडे उभी केली. गाडी कुठून येते आणि कुणासाठी येते, हे पाहणाऱ्याला कळू लागले. घरे आणि निसर्ग कसा बांधायचा यावर त्यांनी पुस्तकेही लिहिली.

रॉय इंग्लंड त्याही पुढे गेले. हा ऑस्ट्रेलियातला तरुण १९२५ मध्ये इंग्लंडला आला आणि व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातील गवताने शाकारलेल्या घरांच्या प्रेमात पडला. जुनी छपरे निघून त्यांच्या जागी ॲस्बेस्टॉसचे पत्रे येताना त्याने पाहिले. ते थांबवणे त्याच्या हाती नव्हते. मग त्याने खरी घरे मोजून ७६ पट लहान प्रमाणात ती करायला घेतली. १९५४ मध्ये लाँग विटनहॅम गावात त्यातूनच पेंडन संग्रहालयाची सुरुवात झाली. एहर्न यांची मॅडर व्हॅलीही आता तिथेच जतन केली आहे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

हे वाचून मी घरी सहा फूट बाय अडीच फुटांची प्लायवूडची फळी आणली. अम्मीने विचारले, "पलंग कुठे ठेवशील?" फळी पलंगाखाली सरकेल असे पाय लावले, तेव्हा परवानगी मिळाली. हिशेब मुलांकडून करून घेतला. शकुंतलेचे रूळ ७६२ मिलिमीटरचे. ८७ ने भागले की ८.७६ येतात. ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात मिळतात. १९६० च्या दशकात न्यूरेंबर्गच्याच आर्नोल्ड कंपनीने ते रूढ केले. शकुंतलेचे इंजिन कुठे मिळणार? लहान गाडीच्या चाकांवर आणि मोटारीवर आम्ही पुठ्ठ्याचे कवच बसवले. रूळ गोल फिरवले नाहीत. आमची गाडी एका स्टेशनात येऊन थांबायची, फळीवरही तसेच ठेवले.

खरे काम पुढे होते. कोणत्या वर्षीचे स्टेशन करायचे? मुलांनी १९९३ ठरवले, वाफेचे शेवटचे पूर्ण वर्ष. मग प्रश्न सुरू झाले. पाण्याची टाकी कुठे होती? भिंतींचा रंग कोणता? मुले वह्या घेऊन मोहल्ल्यात फिरली. एका आजोबांनी कडुलिंब फलाटाच्या डाव्या बाजूला सांगितला, दुसऱ्यांनी उजव्या. दोघेही कसम खायला तयार! तेव्हा मुलांना समजले की साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकू शकतो, म्हणून दुसरा पुरावा शोधावा लागतो. बी.एड.ला मी हे 'साधनांची चिकित्सा' या नावाने पाठ केले होते. मुले ते एका झाडासाठी शिकली.

त्या मुलाला आता माझे उत्तर असे आहे की आपली गाडी पुस्तकात नाही, कारण ती लिहिण्याइतके आपण कुणी तिला विचारलेच नाही. आपल्या मोहल्ल्याचे, बाजाराचे, स्टेशनचेही तेच आहे. त्यासाठी फळी आणि मोटार हवीच असे नाही. वही पुरते. पण ज्यांना आठवते ते बुजुर्ग आपल्यात आहेत, तोवरच ती उघडायला हवी. आमच्या फळीवर कडुलिंबाची जागा अजून मोकळी आहे. त्या काळचा एखादा फोटो कुणाच्या पेटीत असेल, तर आम्हाला हवा आहे.