जुनी सर्व्हर-प्रणाली कामाची की टाकाऊ?

शाळेला देणगीत जुना सर्व्हर मिळाला की पालक विचारतात, त्यावरची प्रणाली आता कामाची आहे का? उत्तर तिच्या वयात शोधू नये.

अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९७७ साली 'व्हॅक्स' संगणकाबरोबर व्हीएमएस ही प्रणाली आणली. १९९८ साली ती कंपनी कॉम्पॅकने घेतली, २००२ साली कॉम्पॅक एचपीत विलीन झाली. प्रणाली मात्र जगली. २०१४ साली एका नव्या कंपनीने तिचा विकास हाती घेतला आणि २०२२ साली ती इंटेल जातीच्या साध्या सर्व्हरवरही चालू लागली.

उलट विंडोज सर्व्हर २००३ वयाने कितीतरी धाकटी. तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०१५ रोजी थांबवली. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हल्ल्याने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांची कामे अडली, तेव्हा या बंद प्रणालीसाठीही कंपनीला तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. म्हणजे ती अजून ठिकठिकाणी चालूच होती!

तेव्हा पाहायचे ते हे, की प्रणालीची निगा राखणारा कोणी उरला आहे का. नसेल, तर इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रावर विद्यार्थ्यांनी ती खुशाल उघडून पाहावी. कोणाला कोणती फाईल उघडता यावी, हे हक्क कसे ठरतात ते तेथे चांगले समजते. निकाल आणि फीचे हिशेब मात्र तिच्यावर असतील तर ते आधी हलवावेत.