चुंबक, रंगीत प्रकाश आणि देवाच्या दारी आलेले पीडित

सौसर व पांढुर्णा हे मध्यप्रदेशातील दोन तालुके बोलीने व चालीरीतीने नागपूर-वऱ्हाडचे सख्खे शेजारी होत. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा काढून त्यांचा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. सौसरजवळ जामसावळी येथे पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीचे प्रसिद्ध स्थान आहे. इतरांस न दिसणारे ज्यांस दिसते, न ऐकू येणारे ज्यांस ऐकू येते, अशा पीडितांस त्यांचे आप्त तेथे घेऊन येतात. कोकण-गोमंतकातील देवळांत अवसर पाहिलेल्या वाचकांस हे दृश्य अपरिचित वाटणार नाही.

जागृत स्थानांचा महिमा विज्ञानाच्या भाषेत सांगण्याची हल्ली रीत पडली आहे. भूमीत चुंबकशक्ती असते, रंगीत प्रकाशाने चित्त पालटते, असे सांगतात. सौसरविषयी हे चटकन पटावे. कारण त्याच्याच नावाचा खडकसमूह मँगनीजसाठी भूगर्भशास्त्रात विख्यात आहे. या खनिजांचा सविस्तर अभ्यास करणारे फर्मर यांनी नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरी येथील एका खनिजास व्रेडेनबर्गाइट हे नाव दिले. ते लोहचुंबकाकडे जोराने ओढले जाते. परंतु नेहमीचे मँगनीज तसे ओढले जात नाही. शिवाय रुग्णालयातील दीड टेस्लाच्या एम.आर.आय. यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राहून सुमारे तीस हजारपट प्रबळ असते. त्यात पडून राहिलेला रुग्ण काही देव वा भूत पाहून उठत नाही.

हा वाद जुना आहे. अठराव्या शतकात मेस्मर याने पॅरिसमध्ये 'प्राणिचुंबका'चे उपचार मांडले, आणि १७८४ साली फ्रान्सच्या राजाने त्यांच्या चौकशीसाठी फ्रँकलिन, लाव्हाझिए आदी विद्वान नेमले. मेस्मरच्या शिष्याने बागेतील एक झाड 'चुंबकित' केले. मग डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलास एकेका झाडास मिठी मारावयास लावले. चौथ्या झाडापाशी तो मूर्च्छित पडला. पण चुंबकित झाड ते नव्हतेच! झाडाने नव्हे, अपेक्षेने आपले काम केले होते.

तथापि चुंबक अगदीच निष्प्रभ नाही. १८९६ साली द'आर्सोनव्हाल यांनी दाखविले की, वेगाने पालटणाऱ्या प्रबळ क्षेत्रात डोके ठेवले असता डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकतो. प्रकाशाचेही तसेच. १९९७ साली जपानात दूरचित्रवाणीवर तांबडा व निळा रंग वेगाने आलटूनपालटून चमकला, आणि शेकडो मुलांस रुग्णालयात न्यावे लागले. ही मज्जासंस्थेची प्रत्यक्ष प्रतिक्रिया होय. पण मुंबईत जन्मलेल्या दिनशा घडियाली यांनी रंगीत प्रकाशाने सर्व व्याधी हटविण्याचा जो दावा अमेरिकेत केला, तो टिकला नाही. १९४७ साली तेथील न्यायालयाने त्यांस दोषी ठरविले.

पुढे कॅनडातील पर्सिंगर यांनी सौम्य चुंबकक्षेत्राच्या शिरस्त्राणाने अदृश्य सान्निध्याचा भास होतो, असे प्रतिपादन केले. स्वीडनमधील ग्रँक्विस्ट प्रभृतींनी प्रवाह चालू आहे की बंद, हे प्रयोग करणाऱ्यासही कळू न देता तो पडताळला. त्यांचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला : भास झाले, पण चुंबकाने नव्हे, ज्यांचे मन सूचना सहज ग्रहण करते, त्यांस ते अधिक झाले.

याचा अर्थ देवापुढे घुमणारी व्यक्ती ढोंग करते असा नव्हे. भास तिच्यापुरता खराच असतो, आणि यातनाही खऱ्याच. श्रद्धेने तिला धीर मिळत असेल तर तो मोलाचा आहे, आणि त्यास चुंबकाच्या दाखल्याची गरज नाही. मात्र चुंबकाच्या नावाखाली औषधोपचार लांबविणे घातक होय. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयगृहास आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. २८ जण मरण पावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

देवळाच्या दारी आलेल्या पीडितास अंगारा अवश्य लावावा; पण त्याच दिवशी त्यास वैद्याकडेही न्यावे. ही गोष्ट त्याच्या आप्तांस प्रथम सांगण्याचा अधिकार, आणि कर्तव्यही, देवळाच्या व्यवस्थापकांचेच आहे. कारण आप्त सर्वांआधी येतात ते त्यांच्याच दारी.