जलनेती

जलनेती ही कोमट मिठाच्या पाण्याने नासामार्ग धुण्याची हठयोगातील शुद्धिक्रिया आहे. तोटीच्या लहान भांड्यातून पाणी एका नाकपुडीत सोडले जाते व ते दुसरीतून बाहेर येते. या भांड्यास नेतीपात्र म्हणतात.

ग्रंथांतील उल्लेख

स्वात्मारामकृत 'हठप्रदीपिका' या १५व्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या ग्रंथात धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली व कपालभाती ही षट्कर्मे सांगितली आहेत. तेथील नेती मात्र पाण्याची नव्हे. वीतभर लांबीचे मऊ सूत्र नाकातून घालून मुखावाटे काढणे, असे तिचे वर्णन असून आज तिला सूत्रनेती म्हणतात. 'घेरण्डसंहिते'तील नेतीही सुताचीच आहे. नाकाने पाणी घेऊन तोंडाने टाकण्याचा विधी त्या ग्रंथात कपालभातीच्या प्रकारांत, 'व्युत्क्रम' या नावाने येतो. त्यामुळे प्रचलित जलनेती जशीच्या तशी या ग्रंथांत आहे, हे अनेक पुस्तिकांतील विधान सैलपणाचे ठरते. षट्कर्मे सरसकट सर्वांसाठी आहेत, असेही 'हठप्रदीपिका' म्हणत नाही. मेद व कफ अधिक असणाऱ्यांनी ती प्राणायामापूर्वी करावीत, इतरांना त्यांची गरज नाही, असा तिचा अभिप्राय आहे.

आयुर्वेदातील नस्य ही याहून वेगळी क्रिया होय. तीत औषधी तेल वा रस नाकात घालतात.

कृती

अर्धा लिटर पाण्यास सुमारे ४.५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट भरलेल्या चहाच्या चमच्याहून थोडे कमी, असे प्रमाण घेतात. हे द्रावण ०.९ टक्के होते आणि त्याची क्षारता शरीरातील द्रवांशी जुळते. म्हणूनच ते झोंबत नाही. साध्या पाण्याने नाकाचे अस्तर चुरचुरते, तर मीठ फार झाल्यास आग होते.

पुढे वाकून मान एका बाजूस कलती करतात, तोटी वरच्या नाकपुडीस लावतात आणि श्वास तोंडाने चालू ठेवतात. निम्मे पाणी संपल्यावर बाजू बदलतात. शेवटी दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलक्या उच्छ्वासांनी उरलेले पाणी काढतात. एक नाकपुडी दाबून जोराने शिंकरल्यास पाणी घशामागील नलिकेतून मध्यकर्णात शिरू शकते.

नाकाच्या अस्तरावरील सूक्ष्म रोमके श्लेष्मा घशाकडे ढकलीत असतात. धुण्याने घट्ट श्लेष्मा, धूळ व परागकण निघतात आणि रोमकांचे काम सुकर होते. जुनाट नासाकोटरदाह व ॲलर्जीचा नासादाह यांत आधुनिक वैद्यकही मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा पूरक उपचार मानते. दृष्टी तेज होते, स्मरणशक्ती वाढते, इत्यादी दाव्यांना तसा आधार नाही.

पाण्याची शुद्धता

पिण्यास योग्य पाणी नाकासाठी योग्य असतेच असे नाही, आणि ही गोष्ट कृतीइतकीच महत्त्वाची आहे. गोड्या, उबदार पाण्यात आढळणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा पोटात गेल्यास अपाय करीत नाही. नाकात गेल्यास मात्र गंधज्ञानाच्या मज्जातंतूंवाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. असा संसर्ग अत्यंत विरळा असला, तरी बहुधा प्राणघातक ठरतो. २०११मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाचे पाणी नेतीपात्रात वापरणाऱ्या दोघांचा याने मृत्यू झाला. पाणी खळखळून किमान १ मिनिट उकळावे, उंच डोंगराळ प्रदेशात ३ मिनिटे, आणि मग झाकून कोमट होऊ द्यावे. नळाचे, विहिरीचे वा नदीचे पाणी न उकळता वापरू नये. गरम पाण्यात थेट नळाचे पाणी मिसळून ते कोमट करण्याची सवय उकळण्याचा हेतूच विफल करते. पात्रही दर वेळी धुऊन कोरडे ठेवावे लागते.

नाकाची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असल्यास, कान दुखत असल्यास, वारंवार घोळणा फुटत असल्यास किंवा नाक पूर्ण चोंदलेले असल्यास ही क्रिया वैद्याच्या सल्ल्यावाचून करीत नाहीत. लहान मुलांसही हाच नियम लागू आहे.