टाकीच्या सूत्रातला एक फूट

तेलाची उभी, गोल, वेल्डिंग केलेली पोलादी टाकी किती जाड प्लेटची करायची, हे सांगणारं सूत्र एका ओळीत मावतं. टाकीचा व्यास मीटरमध्ये घ्यायचा. तेलाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्यातून ०.३ वजा करायचे. या दोन आकड्यांच्या गुणाकाराला ४.९ ने आणि तेलाच्या सापेक्ष घनतेने गुणायचं, आणि पोलादाला जेवढा ताण सोसू द्यायची मुभा आहे त्या आकड्याने भागायचं. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. गंज खाऊन जाईल तेवढी जाडी त्यात वरून मिळवायची. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एपीआयच्या, ६५० क्रमांकाच्या मानकात हे सूत्र आहे. आपल्या भारतीय मानकात, आयएस ८०३मध्येही ते आहे, फक्त एककं वेगळी. टाकी डिझाइन करणारं सॉफ्टवेअर उघडून व्यास, उंची आणि घनता भरली, की आत पहिल्यांदा हीच ओळ चालते.

त्यातला ४.९ कुठला, हे लगेच कळतं. गुरुत्वाकर्षणाचे ९.८१, त्यांचा अर्धा. द्रवाचा दाब भिंतीला बाहेर ढकलतो आणि समोरासमोरच्या दोन भिंती तो वाटून घेतात, म्हणून अर्धा. पण वजा ०.३ कशासाठी? तेल तळापर्यंत भरलेलं असताना त्याची उंची कमी का धरायची? ०.३ मीटर म्हणजे एक फूट. टाकीच्या हिशेबाचं कूळ शोधायचं तर या एका फुटाचा माग काढावा लागतो, आणि संगणक या धंद्यात कसा आला त्याचाही माग तिथेच लागतो, असं मला वाटतं.

१८५९मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं तेव्हा ते भरायला हाताशी होती ती लाकडी पिंपं. तेल आजही ज्या ‘बॅरल’मध्ये मोजतात ते ४२ गॅलनचं माप त्याच पिंपांच्या काळात ठरलं. पिंपं पुरेनात म्हणून मोठ्या लाकडी टाक्या आल्या, आणि लवकरच लोखंडी प्लेटांना रिव्हेट मारून केलेल्या टाक्या. रिव्हेटच्या टाकीत सांधा हाच कमकुवत भाग. रिव्हेटसाठी भोकं पाडली की प्लेटची ताकद तिथे घटते, आणि दोन प्लेटांमधली फट कितीही ठोकून बुजवली तरी तेल वाट काढतंच. वरच्या लाकडी छपरावर वीज पडली की टाकी पेटायची. मग तेलवाले चक्क तोफ आणत आणि गोळा मारून टाकीच्या अंगाला भोक पाडत, म्हणजे खालचं तेल वाहून जाईल आणि आग भुकेने मरेल. अमेरिकेच्या जुन्या तेलक्षेत्रांत अशा तोफा अजून स्मारक म्हणून ठेवलेल्या आहेत.

टाकीची जाडी ठरवायला इंजिनिअर लागतो, हा धडा मात्र तेलाने दिला नाही. तो दिला मळीने. बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात १९१५मध्ये मळी साठवायला ५० फूट उंच, ९० फूट व्यासाची रिव्हेटची पोलादी टाकी घाईने उभारली गेली. बांधकामावर देखरेख करणाऱ्याला तांत्रिक नकाशे वाचता येत नव्हते. पाणी भरून चाचणी घ्यायची ती सहा इंच पाण्यावर उरकली. मळी पाण्याच्या सुमारे दीडपट जड, आणि टाकी पहिल्यापासूनच सांध्यांतून गळत होती. १५ जानेवारी १९१९ला भरदुपारी ती फुटली. सुमारे २३ लाख गॅलन मळीची लाट रस्त्यावर आली. २१ माणसं मेली, दीडशे जखमी झाली. खटला वर्षानुवर्षं चालला, टाकीच कमकुवत होती असा निष्कर्ष निघाला आणि भरपाई मालक कंपनीवर बसली. मोठ्या बांधकामाचे नकाशे पात्र इंजिनिअरने तपासून त्यावर सही करायची, या शिस्तीला मॅसॅच्युसेट्समध्ये याच घटनेने बळ मिळालं. एपीआयची स्थापनाही त्याच १९१९ सालची. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण टाकीच्या कुळात हे एक साल दोनदा येतं.

१९३०च्या दशकात रिव्हेट जाऊन वेल्डिंग आलं. वेल्डिंगच्या टाक्यांसाठी एपीआयने १२सी नावाचं मानक काढलं आणि त्यात तो एक फूट होता. सूत्र फूट-पौंडांत होतं, ४.९च्या जागी २.६, आणि उंचीतून वजा १. १२सीचं पुढे १९६१मध्ये ६५० झालं.

हा फूट आला तो एका साध्या निरीक्षणातून. भरलेल्या टाकीची भिंत सगळीकडून बाहेर फुगू पाहते. तळाशी मात्र ती बॉटम प्लेटला वेल्ड केलेली असते आणि बॉटम प्लेट तिला फुगू देत नाही. त्यामुळे दाब सगळ्यात जास्त जिथे असतो, म्हणजे अगदी तळाशी, तिथे भिंतीतला घेराच्या दिशेचा ताण सगळ्यात जास्त नसतो. तो थोडा वर असतो. वरच्या थरांचंही तसंच. टाकीची भिंत प्लेटांच्या कड्यांनी बनते, कामावर त्यांना कोर्स म्हणतात. खालचा कोर्स जाड, वरचा पातळ. जाड कोर्स आपल्या डोक्यावरच्या पातळ कोर्सला बुडाशी धरून ठेवतो. म्हणून प्रत्येक कोर्सची जाडी त्याच्या बुडापासून एक फूट वरच्या दाबासाठी काढायची. जुन्या इंजिनिअरांनी हा एक फूट नजरेने आणि अनुभवाने धरला, आणि त्यांची नजर चांगली होती.

किती चांगली, हे पाहण्यासाठी एक टाकी घेऊ. व्यास ४० मीटर, उंची १२ मीटर. त्यात सुमारे १५ हजार किलोलिटर मावतं. ०.८५ घनतेचं तेल आणि १६० मेगापास्कलचा ताण धरला तर सर्वात खालच्या कोर्सची जाडी सव्वाबारा मिलिमीटरच्या जवळ येते. पण टाकी वापरात घेण्यापूर्वी तिच्यात काठोकाठ पाणी भरून पाहायचं असतं आणि पाणी तेलाहून जड. चाचणीपुरता ताण थोडा जास्त, १७१ मेगापास्कल, चालतो. तरी पाण्याचा हिशेब १३.४ मिलिमीटर मागतो. गंजासाठी वेगळी जाडी धरलेली नसेल तर तेलाच्या टाकीची जाडी अशी पाणीच ठरवतं. वीस मीटर त्रिज्येला साडेतेरा मिलिमीटर. त्या मानाने कोंबडीच्या अंड्याचं कवच वीसपटीहून जास्त जाड असतं.

आता तो फूट. भिंतीला बुडाशी जखडल्याचा परिणाम किती उंचीपर्यंत पोचतो, हे त्रिज्या आणि जाडी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. आपल्या ४० मीटरच्या टाकीत हे वर्गमूळ अर्ध्या मीटरच्या आसपास येतं. सर्वाधिक ताणाची जागा त्याच्या काही अंशावर धरली तर एक फूट बरोबर बसतो. पण व्यास ८० मीटर आणि जाडी ३० मिलिमीटर घ्या. तेच वर्गमूळ एक मीटरच्या पुढे जातं. सर्वाधिक ताण आता फुटाच्या किती तरी वर असतो, तिथे दाब कमी असतो, आणि एक फूट धरून केलेली भिंत लागते त्याहून जाड निघते. पोलाद वाया जातंच, शिवाय जाड प्लेटचं वेल्डिंग अवघड आणि थंडीत ती प्लेट तडकण्याचा धोका मोठा.

एवढ्या मोठ्या टाक्या लागल्या कशाला? १९६७मध्ये सुएझ कालवा बंद झाला आणि तो १९७५पर्यंत बंदच राहिला. आखाताचं तेल आफ्रिकेला वळसा घालून न्यायचं तर जहाज जितकं मोठं तितकं भाडं स्वस्त. जहाजं आधीपासून वाढत होती, आता ती झपाट्याने वाढली. एक जहाज दोन-तीन लाख टन क्रूड ओतू लागलं की बंदरावरच्या टाकीलाही वाढावं लागतं.

१९६८मध्ये झिक आणि मॅकग्रा या इंजिनिअरांनी एपीआयपुढे मोठ्या व्यासाच्या टाक्यांसाठी नवी रीत मांडली. सर्वाधिक ताणाची जागा एक फुटावर न धरता प्रत्येक कोर्ससाठी ती वेगळी काढायची. तिथे अडचण अशी, की ती जागा कोर्सच्या जाडीवर अवलंबून आणि जाडी त्या जागेवर. मग आधी जुन्या एक फुटाच्या सूत्राने अंदाजी जाडी घ्यायची, तिच्यावरून जागा, जागेवरून नवी जाडी, पुन्हा जागा. दोन-तीन फेऱ्यांत उत्तर स्थिर होतं. आठ कोर्स, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, तेलाचा हिशेब वेगळा आणि पाण्याचा वेगळा: चाळीसच्या वर गणितं, प्रत्येकात वर्गमुळं, आणि खालच्या कोर्सची जाडी बदलली की वरचं सगळं पुन्हा. व्यास दोन मीटरने बदलून पाहू, असं मालक म्हणाला की परत पहिल्यापासून. हे काम हाताने होतं, पण माणसाने करण्याजोगं ते राहिलं नाही. टाकीच्या सॉफ्टवेअरचा जन्म मी इथे धरतो. चित्रं काढण्याआधी, त्रिमितीय मॉडेलच्या किती तरी आधी, या फेऱ्या मारायला यंत्र हवं होतं.

पुढचं भराभर घडलं. ज्यांच्याकडे मोठे संगणक होते त्या कंपन्यांनी फोरट्रानमध्ये स्वतःपुरते प्रोग्राम लिहिले. १९८०च्या दशकात पीसी आणि स्प्रेडशीट आल्यावर छोट्या फॅब्रिकेटरनेही आपली शीट केली. मग तयार पॅकेजं आली: पाइपांच्या ताणाचं सीझर टू करणाऱ्या ह्यूस्टनच्या कोएड कंपनीचं ‘टँक’, जे पुढे हेक्सागॉनकडे गेलं, टेक्नोसॉफ्टचं एएमई टँक, जे हिशेबाबरोबर मॉडेल, नकाशे आणि मालाची यादीही काढून देतं. सुमारे ६० मीटर व्यासापर्यंत एक फुटाची रीत चालते, त्यापुढे नाही. ही मर्यादा प्रोग्रामला माहीत असते. अमुक व्यासाला भिंत किमान इतकी हवी, हेही. आपल्या ४० मीटरच्या टाकीचा सर्वात वरचा कोर्स हिशेबाने जेमतेम दोन मिलिमीटरचा निघतो, पण ८च्या खाली जाता येत नाही. दोन मिलिमीटरची प्लेट वाऱ्यात उभीच राहणार नाही.

या प्रोग्रामांतली मला सर्वात आवडणारी तपासणी छपराच्या सांध्याची. शंकूच्या आकाराचं छप्पर भिंतीला जिथे जोडतात ते वेल्ड जाणूनबुजून बारीक ठेवायचं, ५ मिलिमीटरहून मोठं नाही, आणि छपराचा उतार सहास एकपेक्षा जास्त नाही. आत स्फोट झाला तर छप्पर उडावं आणि बुडाचा सांधा शाबूत राहावा. बूड आधी सुटलं तर अख्खी टाकी वर उडते आणि पेटतं तेल जमिनीवर पसरतं. भलतीकडचं मजबूत वेल्ड माणसं मारू शकतं, हे ज्याने पहिल्यांदा ओळखलं त्याच्याविषयी मला फार आदर आहे. चांगला वेल्डर सवयीने भरघोस वेल्ड घालतो. तिथे नकाशावर ठळक लिहून त्याला थांबवावं लागतं.

भूकंपाचा भाग उशिरा आला. १९६४मध्ये अलास्कातल्या भूकंपात टाक्यांच्या भिंती बुडाशी हत्तीच्या पायासारख्या फुगल्या. त्याच वर्षी जूनमध्ये जपानमधल्या नीगाताला भूकंपानंतर रिफायनरीच्या टाक्या दोन आठवडे जळत राहिल्या. जॉर्ज हाउसनर यांनी द्रवाचे दोन भाग कल्पिले होते: खालचा भिंतीबरोबर हलतो, वरचा स्वतःच्या तालात हिंदकळतो. त्याच्या आधाराने वॉझनियाक आणि मिचेल यांनी १९७८मध्ये वेल्डेड पोलादी तेलटाक्यांच्या भूकंप-नियमांचा पाया मांडला आणि तो ६५०च्या परिशिष्टात गेला. आपल्या ४० मीटरच्या टाकीतलं तेल हिंदकळायचं तर एका हेलकाव्याला सात सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेतं. बहुतेक इमारती इतक्या संथ डोलत नाहीत, पण दूरवरचा मोठा भूकंप अशा लांब लाटा पाठवतो. सप्टेंबर २००३मध्ये होक्काइदोजवळच्या भूकंपानंतर तोमाकोमाईच्या रिफायनरीत तरंगत्या छपराच्या दोन टाक्या पेटल्या, त्यातली दुसरी दोन दिवसांनी.

महाराष्ट्रात हे कूळ ट्रॉम्बेला येऊन पोचलं. १९५४ आणि १९५५मध्ये तिथे स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल यांच्या रिफायनऱ्या सुरू झाल्या, आज त्या एचपीसीएल आणि बीपीसीएलच्या आहेत. १९६२मध्ये आयएस ८०३ निघालं, १९७६मध्ये ते सुधारलं. पेट्रोलियमच्या साठ्याला परवानगी देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. तिथे जाणाऱ्या नकाशांच्या मागे आता बहुधा सॉफ्टवेअरचे हिशेब असतात. वीज मात्र अजून पडते: ऑक्टोबर २०१७मध्ये मुंबई बंदरातल्या बुचर बेटावर डिझेलची टाकी विजेने पेटली आणि आग विझायला काही दिवस लागले.

हिशेबात बसलेली टाकीही फाटू शकते. १९५२मध्ये इंग्लंडमधल्या फॉली इथे पाण्याच्या चाचणीतच टाक्या तडकल्या. २ जानेवारी १९८८ला पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफला सुमारे ४० वर्षांची एक टाकी कडाक्याच्या थंडीत उभी चिरली. ती दुसरीकडून सोडवून आणून पुन्हा जोडली होती आणि काठोकाठ पाणी भरून तिची चाचणी घेतली नव्हती. जुन्या प्लेटमधल्या एका बारीक दोषापासून चीर सुरू झाली. लाखो गॅलन डिझेल मोनोंगहेला नदीत गेलं आणि खालच्या गावांचं पाणी बंद पडलं. जाडीच्या सूत्राला असा दोष दिसत नाही.

त्यानंतर १९९१मध्ये जुन्या टाक्यांच्या तपासणीसाठी आणि दुरुस्तीसाठी एपीआय ६५३ आलं आणि सॉफ्टवेअरला नवा विभाग जोडला गेला: नव्या प्लेटच्या जाडीऐवजी अल्ट्रासॉनिकने मोजलेली, गंजून उरलेली जाडी भरायची आणि टाकी किती उंचीपर्यंत भरता येईल ते काढायचं. एक फूट तिथेही वजा होतो. सांध्याची कार्यक्षमताही भरावी लागते, आणि ६५३मध्ये त्याच्या तक्त्यात रिव्हेटच्या सांध्याला अजून जागा आहे: रिव्हेटची एक ओळ असेल तर ०.४५, दोन असतील तर ०.६०.