गॅस गळती ओळखणारा ट्रान्समीटर कारखान्यात नेमका कुठे आणि कसा बसवतात?

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात सेप्टिक टँक साफ करताना पाच मजुरांचा गुदमरून मृत्यू झाला. बंद टाकीत मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात, ऑक्सिजन कमी होतो. वरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

घरच्या टाकीवर कायमचं यंत्र कोणी बसवत नाही. तिथे उतरण्याआधी दोरीने आत सोडायचा छोटा गॅस मीटर लागतो. पण हेच वायू डिस्टिलरीच्या सांडपाण्यात आणि मलनिस्सारणाच्या पंपघरात रोज तयार होतात. तिथे चोवीस तास पहारा देतो तो गॅस डिटेक्शन ट्रान्समीटर.

नाक का पुरत नाही?

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं. म्हणजे वास थांबला तेव्हा धोका वाढलेला असू शकतो.

किती उंचीवर?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रीडिंग वाचायला सोपं म्हणून ट्रान्समीटर डोळ्यांच्या उंचीवर लावला जातो. वायूला त्याचं काय! हायड्रोजन सल्फाइड, क्लोरीन आणि एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्यांचा सेन्सर जमिनीपासून साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरवर. मिथेन आणि अमोनिया हलके, त्यांचा सेन्सर छताजवळ. सेन्सरचं तोंड खाली ठेवतात, म्हणजे पाणी आणि धूळ साचत नाही. पंख्याच्या थेट झोतात तो नको, कारण गळती असूनही रीडिंग कमी दिसेल.

वायर काय सांगते?

बहुतेक ट्रान्समीटर कंट्रोल पॅनलला ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल पाठवतात. ४ म्हणजे वायू शून्य, २० म्हणजे पूर्ण रेंज. रेंज ० ते १०० पीपीएम असेल, तर १० पीपीएमला ५.६ मिलिअँपिअर यायला हवेत. सुरुवात शून्याऐवजी ४ पासून का? वायर तुटली तर करंट थेट शून्यावर येतो आणि पॅनलला कळतं की हा बिघाड आहे, स्वच्छ हवा नाही. पॅनलमध्ये मात्र तीच रेंज भरलेली हवी. ट्रान्समीटर १०० चा आणि पॅनलमध्ये ५० भरलेले असतील, तर प्रत्येक आकडा निम्मा दिसेल.

आग लागू शकते अशा जागी फ्लेमप्रूफ बॉक्स आणि तसाच केबल ग्लँड लागतो. बाहेरून केबल फिरवून साधा ग्लँड लावला, तर महागड्या बॉक्सचा उपयोग उरत नाही.

अलार्म कितीवर?

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत हायड्रोजन सल्फाइडची मर्यादा आठ तासांसाठी १० पीपीएम आणि थोड्या वेळासाठी १५ पीपीएम होती. पहिला आणि दुसरा अलार्म बहुधा याच आकड्यांवर लावतात. ज्वलनशील वायूंचा डिटेक्टर मात्र स्फोट होण्याच्या किमान प्रमाणाच्या टक्क्यांत मोजतो. हायड्रोजन सल्फाइड पेटायला हवेत साधारण ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम लागतो. त्याच्या १० टक्क्यांवर, ४,००० पीपीएमला, अलार्म वाजेपर्यंत माणूस जिवंत राहणार नाही. विषारी वायूसाठी वेगळा सेन्सर लागतो तो यामुळेच.

बसवून झाल्यावर आधी स्वच्छ हवेत ‘झिरो’ आणि मग सिलिंडरमधला ठरावीक प्रमाणाचा गॅस सोडून ‘स्पॅन’ जुळवतात. सेन्सर हळूहळू थकतो, म्हणून साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी, कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे, हे पुन्हा करावं लागतं. नुसतं टेस्टचं बटण दाबून दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. सेन्सरला वायू कळतो की नाही, हे त्यातून समजत नाही.

भोंगा आणि दिवा दाराच्या बाहेरही हवेत. अशा अपघातांत आत पडलेल्याला काढायला धावणारा माणूसही अनेकदा दगावतो, आणि त्याला थांबवायला दारावरचा तो लाल दिवाच असतो.