आयतालेख : मर्यादेबाहेरील मूल्ये

आयतालेख काढताना आडव्या अक्षावर किमान आणि कमाल मर्यादा ठरवावी लागते. त्या पट्ट्यात न बसणाऱ्या नोंदी म्हणजे मर्यादेबाहेरील मूल्ये. आलेख काढणारी सॉफ्टवेअरे ती एकसारखी हाताळत नाहीत, त्यामुळे एकाच माहितीचे दोन आलेख वेगळे दिसू शकतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुक्याचा रोजचा पाऊस हे याचे नेमके उदाहरण. वर्धा नदीकाठच्या या कापूस-सोयाबीनच्या मुलखात पावसाळ्यातले कितीतरी दिवस कोरडे किंवा रिमझिमीचे जातात. पूर आणि पीकनुकसान ठरवतात ते मोजके मुसळधार दिवस. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीपेक्षा अधिक पाऊस पडला तर राज्यात अतिवृष्टी धरतात आणि शेतकऱ्यांच्या मदतीचा विचार त्यावरून सुरू होतो. आता समजा, जून ते सप्टेंबरच्या 122 दिवसांपैकी 4 दिवस अतिवृष्टीचे होते आणि आलेखाची मर्यादा 0 ते 60 मिमी ठेवली. ते चारही दिवस बाहेर पडले.

पायथनमधील नमपाय आणि मॅटप्लॉटलिब अशा वेळी कोणतीही सूचना न देता त्या नोंदी सोडून देतात. वारंवारतेऐवजी घनता मागितली, तर उरलेल्या 118 दिवसांचेच क्षेत्रफळ 1 धरले जाते. म्हणजे कोरड्या दिवसांचा वाटाही फुगतो. सर्वांत घातक वर्तन हेच, कारण आलेख निर्दोष दिसतो. आर भाषेतील मूळ आयतालेख याउलट अडून बसतो: दिलेल्या वर्गांत सगळी मूल्ये मावत नसतील तर चूक दाखवून थांबतो. आरमधीलच जीजीप्लॉट2 या आलेख-संचात मोजपट्टीला मर्यादा घातली की बाहेरच्या नोंदी गळतात, पण किती गळल्या याचा इशारा मिळतो. केवळ दृश्य जवळून पाहायची सोय वापरली तर मोजणीला धक्का लागत नाही. मॅटलॅबचे जुने ‘हिस्ट’ बाहेरची मूल्ये टोकाच्या स्तंभांत ढकलते, नवे ‘हिस्टकाउंट्स’ ती मोजतच नाही.

एक्सेलचे ‘फ्रीक्वेन्सी’ सूत्र दिलेल्या वर्गांहून एक उत्तर जास्त देते, ते शेवटच्या मर्यादेपलीकडील नोंदींचे. सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत घडलेल्या ‘रूट’ या सॉफ्टवेअरने बाहेरच्या नोंदी वेगळ्या मोजण्याचा हा विचार पूर्णत्वाला नेला. त्यात दोन्ही टोकांना एकेक अदृश्य कप्पा असतो, आणि बाहेरची नोंद तिथे जमा होते. मात्र सरासरी काढताना हे कप्पे सहसा धरले जात नाहीत.

प्रत्येक बाहेरची नोंद जपण्यासारखी नसते. पर्जन्यमापक बंद असल्याची खूण म्हणून -999 लिहिलेले असेल, तर ते मूल्य आधीच वेगळे काढले पाहिजे. नाहीतर अक्ष ताणला जाऊन खरा पाऊस शेवटच्या दोन-तीन स्तंभांत दाटतो. पण बिघाड आणि अतिवृष्टी एकाच चाळणीने गाळणे चूक आहे.

हवामान विभागाच्या वर्गवारीत 204.5 मिमी व त्यापुढचा वर्ग वरच्या बाजूने उघडा आहे. राजुऱ्याच्या आलेखातही शेवटचा वर्ग असाच उघडा ठेवावा. त्याला ठराविक रुंदी नसल्याने तो घनतेच्या स्तंभांत न मिसळता अंतर सोडून काढावा, आणि वगळलेल्या नोंदींची संख्या आलेखाखाली लिहावी.