बाळ उशिरा रडले, आता पुढे काय?

'बाळ जन्मल्यावर लगेच रडले नाही' हे एक वाक्य प्रसूतिगृहातून घरी येते आणि कित्येक वर्षे त्या घरात वस्तीला राहते. बाळ जरा उशिरा हसले किंवा शेजारच्या मुलाच्या मागाहून रांगले की तेच वाक्य पुन्हा आठवते. काही पालक या धास्तीने एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. तर काही घरांत 'याचे वडीलही उशिराच चालले होते' असे म्हणत महिने लोटतात. ही दोन्ही टोके टाळायला हवीत. जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे ही धोक्याची सूचना आहे, अंतिम निदान नव्हे. ते निदान पहिल्या दोन वर्षांतील पद्धतशीर तपासण्यांतूनच स्पष्ट होते.

मेंदूला इजा कशी होते?

रडणे हे फुप्फुसे कामाला लागल्याचे लक्षण असले, तरी खरे महत्त्व श्वासाला आहे. न रडताही नीट श्वास घेणारे, हातपाय हलवणारे बाळ सहसा धोक्यात नसते. मात्र श्वासच सुरू झाला नाही, वार वेळेआधी सुटली किंवा नाळेवर दाब आला, तर मेंदूचा रक्त व प्राणवायूचा पुरवठा घटतो. नवजात बाळाच्या वजनात मेंदूचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक असल्याने त्याची गरजही मोठी असते.

ही इजा एका क्षणात पूर्ण होत नाही. पहिल्या आघातानंतर पेशी काही काळ सावरतात आणि काही तासांनी हानीची दुसरी लाट येते. या मधल्या अवधीत, म्हणजे जन्मानंतरच्या सहा तासांच्या आत, बाळाचे शरीर ३३ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून ते ७२ तास तसेच ठेवल्यास मृत्यू व अपंगत्व कमी होते, असे प्रगत देशांत २००५ पासून प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसून आले. मात्र भारत, श्रीलंका व बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हेलिक्स' चाचणीत हा लाभ दिसला नाही. उलट थंड केलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. त्यामुळे 'आमच्या बाळाला ही सोय मिळाली असती तर...' ही खंत मनात धरून बसण्याचे कारण नाही.

डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा

अमेरिकेतील भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी १९५२ मध्ये मांडलेली गुणपद्धती आजही जगभर वापरली जाते. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि वर्ण या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण दिले जातात. पहिल्या मिनिटाचे कमी गुण पाहून अनेक पालक हादरतात. पण त्या एका आकड्यावरून बाळाच्या बुद्धीचे भाकीत करता येत नाही. पाचव्या आणि दहाव्या मिनिटालाही गुण कमीच राहिले, तर काळजी वाढते.

त्याहून अधिक सांगून जातात ते पहिले काही दिवस. बाळ सुस्त होते का, झटके आले का, दूध ओढू लागायला किती दिवस लागले, या निरीक्षणांवरून १९७६ मध्ये सार्नाट दांपत्याने मेंदूच्या इजेच्या सौम्य, मध्यम व तीव्र अशा तीन श्रेणी मांडल्या. सौम्य श्रेणीतील बहुतेक मुलांची वाढ चांगली होते; तीव्र श्रेणीत मृत्यू व गंभीर अपंगत्वाचा धोका मोठा असतो. पहिल्या आठवड्याच्या सुमारास केलेला एमआरआय इजा कोठे झाली हे दाखवतो. मेंदूच्या खोल भागांतील केंद्रांना मार बसला असेल, तर हालचालींवर परिणाम होण्याची शक्यता वाढते. म्हणून डिस्चार्ज कार्ड व सर्व अहवाल जपून ठेवावेत आणि प्रत्येक तपासणीला सोबत न्यावेत.

नजर कशावर ठेवावी?

बाळाला तेल लावताना, लंगोट बदलताना जे आईला किंवा आजीला जाणवते, ते तज्ज्ञांनाही उपयोगी पडते. पुढील गोष्टी दिसल्यास थांबू नये :

- तीन महिन्यांपर्यंत बाळ चेहऱ्यावर नजर स्थिर करीत नाही किंवा ओळखीचे हसत नाही.
- चार महिने उलटूनही मान धरीत नाही, मुठी सतत आवळलेल्या राहतात.
- मांड्या ताठ लागतात, पाय फाकवणे कठीण जाते किंवा अंग फारच सैल वाटते.
- नऊ महिने झाले तरी आधाराविना बसत नाही.
- वर्षाच्या आतच एकच हात वापरते. याला डावखुरेपणा समजू नये. दुसऱ्या हाताची दुर्बलता असू शकते.

याशिवाय डोक्याचा घेर नियमित मोजावा, श्रवणचाचणी तीन महिन्यांच्या आत पूर्ण करावी आणि दृष्टीची तपासणी करून घ्यावी. विकासाच्या मोजमापासाठी परदेशी कोष्टकांवरच अवलंबून राहावे लागत नाही. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांच्या अभ्यासातून तयार केलेल्या मापनश्रेणीत ३० महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी ६७ शारीरिक आणि १६३ मानसिक कसोट्या आहेत. चालणे-बोलणे वेळेवर आलेल्या मुलांतही एकाग्रतेच्या वा अभ्यासाच्या अडचणी पुढे दिसू शकतात. म्हणून शाळाप्रवेशाच्या सुमारास आणखी एक तपासणी हितावह ठरते.

काय करावे, काय टाळावे?

पहिल्या दोन वर्षांत मेंदूत नवी जोडणी वेगाने होत असते. मृत पेशी परत येत नसल्या, तरी उरलेल्या पेशींना सरावाने काम शिकवता येते. म्हणून शंका येताच फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी सुरू करावी. निदानावर शिक्कामोर्तब होण्याची वाट पाहू नये. बाळाशी भरपूर बोलणे, त्याला जमिनीवर मोकळे खेळू देणे आणि जागेपणी पोटावर ठेवणे हा घरचा अभ्यास होय. वॉकर मात्र टाळावा.

'मेंदूचे टॉनिक' म्हणून दिली जाणारी औषधे मेलेल्या पेशी परत आणतात, असा पुरावा नाही. दाबाखाली प्राणवायू देण्याच्या महागड्या उपचाराची परीक्षा कॅनडात झाली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत हा उपचार घेतलेली आणि किंचित दाबाची साधी हवा घेतलेली मुले सारखीच सुधारली.

मोठे झालेले मूल रडता रडता श्वास कोंडून निळे पडते, तेव्हाही पालकांना मेंदूची भीती वाटते. हे झटके दिसायला भयंकर असले, तरी त्यांनी सहसा मेंदूला इजा होत नाही. डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घ्यावी आणि रक्तातील लोह तपासावे.

आईला दोष देऊ नका

ग्रहण पाळले नाही, पपई खाल्ली, कळा सोसल्या नाहीत, असे आरोप घरोघरी ऐकू येतात. लंडनचे शल्यविशारद विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये सेरेब्रल पाल्सीचा संबंध अवघड प्रसूतीशी जोडला. पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी शंका काढली, की अवघड प्रसूती हे कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचे लक्षणही असू शकेल. ती शंका आज बऱ्याच अंशी खरी ठरली आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सर्वच मुलांच्या व्याधीचे मूळ प्रसूतीच्या घटकेत नसते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू असून त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्यात आली आहेत. तेथे तपासणी व थेरपी एकाच छताखाली मिळावी, अशी योजना आहे. सेरेब्रल पाल्सीचे निदान झाल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळते, तर 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच आहे. जन्मवेळी श्वासाचा त्रास झालेल्या प्रत्येक बाळाची, ते वरकरणी कितीही छान दिसत असले तरी, किमान दोन वर्षे नियमित तपासणी व्हायलाच हवी.